ऑफिसची वर्षाखेरीची पार्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की प्रत्येक ऑफिसात कुणाच्या तरी गळ्यात पार्टीची जबाबदारी पडते. बहुधा एचआरच्या, नाहीतर ॲडमिनच्या. ही दोन्ही खाती नसतील तर 'तू उत्साही आहेस ना, बघ जरा' असं ज्याला सांगता येतं त्याच्या. ही प्रश्नोत्तरं त्या माणसासाठी आहेत. कायद्यांची माहिती महाराष्ट्रापुरती धरावी.

बहुतेक जण आधी हॉल बघतात, मग मेन्यू, मग डीजे, आणि लोक घरी कसे जाणार हा विचार रात्री साडेअकराला करतात. आमचं म्हणणं असं की आखणी उलट्या टोकाकडून करावी. शेवटचा माणूस घरी कसा आणि किती वाजता पोचणार हे आधी ठरवा. जागा, वेळ, दारू आणि बजेट या चारही गोष्टींचे निर्णय त्यावरून बरेचसे आपोआप होतात.

तारीख कोणती धरावी?

३१ डिसेंबर सोडून कोणतीही. त्या रात्री लोकांना आपापल्या घरच्यांबरोबर आणि मित्रांबरोबर राहायचं असतं, रिक्षा-कॅब मिळत नाहीत, हॉलचे भाव चढलेले असतात आणि रस्तोरस्ती नाकाबंदी असते. २४ तारखेची संध्याकाळही टाळा. ख्रिस्ती सहकाऱ्यांना घरी तयारी असते, मिसा असते, आणि नाताळच्या नावाने ठेवलेल्या पार्टीला नेमके तेच येऊ शकत नाहीत, असं होतं.

आणखी एक गोष्ट कॅलेंडरवर बघायची राहून जाते. डिसेंबरात बहुधा मार्गशीर्ष चालू असतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारी अनेक बायकांचा उपवास असतो, संध्याकाळी घरी महालक्ष्मीची पूजा आणि कहाणी असते. काही घरांत महिनाभर मांसाहार बंद असतो. तेव्हा गुरुवारी पार्टी ठेवून 'लेडीज स्टाफ का आला नाही' असं विचारू नये. चंपाषष्ठी आणि दत्तजयंतीही याच महिन्यात येतात.

डिसेंबरच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यातला शुक्रवार बहुतेक ठिकाणी चालतो. शनिवारी कामावर असणाऱ्यांना मात्र आधी विचारा.

संध्याकाळचीच हवी का? दुपारी केली तर मजा येत नाही म्हणतात.

असं म्हणणारे बहुधा ऑफिसजवळ राहणारे किंवा स्वतःची गाडी असलेले असतात. बदलापूर, विरार, तळेगाव किंवा उरुळीला परतायचं असणाऱ्यांना विचारून बघा. दुपारी साडेबारा ते साडेचारची पार्टी, कामाच्याच दिवशी, ही आमच्या मते सगळ्यांत चांगली. लहान मुलं असलेल्यांना कुणाला तरी सांभाळायला ठेवावं लागत नाही, घरी परवानगी मागावी लागणाऱ्या मुलींना मागावी लागत नाही, दारूचा प्रश्न अर्धा होतो आणि परतीचा जवळजवळ संपतो. उपस्थितीही वाढते.

संध्याकाळच हवी असेल तर साडेसहाला सुरू करून साडेनऊला आटपा. 'सातला सुरू' असं लिहिलं की लोक साडेआठला येतात हे खरं, पण संपण्याची वेळ निमंत्रणावर ठळक छापली आणि पाळली की पुढच्या वर्षी लोक वेळेवर येतात.

सगळ्यांनी यायलाच हवं असं सांगता येईल का?

नाही. कामाच्या वेळात ठेवली असेल तर न येणाऱ्याला जागेवर बसून काम करण्याची मुभा असावी. कामाच्या वेळेबाहेर असेल तर न येण्याचं कारणही विचारू नये. अप्रेझलच्या वेळी 'टीममध्ये मिसळत नाही' हा शेरा त्या रात्रीवरून येणार नाही, हे मॅनेजर मंडळींना आधीच बजावून ठेवा.

दारू ठेवावी का?

आमचं मत: नको. ते नैतिकतेपोटी नाही. कंपनीच्या खर्चाने दारू वाटली की त्या रात्री जे घडेल त्याला कंपनी काही प्रमाणात उत्तरदायी ठरते आणि एचआरच्या माणसाला चार तास पहारेकऱ्याची भूमिका करावी लागते. शिवाय बऱ्याच ऑफिसांत निम्म्याहून अधिक लोक एक तर पीत नाहीत किंवा सहकाऱ्यांसमोर पीत नाहीत. तरीही बजेटचा मोठा तुकडा बारवर जातो आणि न पिणाऱ्यांच्या वाट्याला कोमट कोला येतो.

ठेवायचीच असेल तर काही गोष्टी पक्क्या करा. बार कंपनीच्या लोकांनी चालवायचा नाही. हॉटेलचा प्रशिक्षित माणूस हवा, आणि 'आता पुरे' म्हणण्याचा अधिकार त्याला सगळ्यांदेखत दिलेला असावा, साहेबांच्या बाबतीतही. पेग मोजून, ३० मिलीचा. बाटल्या टेबलांवर ठेवायच्या नाहीत. खाणं बार उघडण्याआधी फिरू लागलं पाहिजे आणि ते नुसते खारे शेंगदाणे नकोत. पार्टी संपायच्या तासभर आधी बार बंद. आणि न पिणाऱ्यांसाठी कोकम सरबत, ताजं लिंबू सरबत, पन्हं, मसाला ताक असं काहीतरी नीट केलेलं ठेवा. तेही त्याच काउंटरवर आणि तशाच ग्लासात. म्हणजे 'तू काय पितोयस?' हा प्रश्नच उद्भवत नाही.

आग्रह हा आपल्याकडचा जुना आजार. जिलबीचा आग्रह चालून जातो, पेगचा चालत नाही. हे निमंत्रणातच एका ओळीत लिहा.

परवाना लागतो का? ऑफिसच्या गच्चीवरच तर करतोय.

लागतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि त्याखालीच सगळे परवाने दिले जातात. ज्या हॉटेलला मद्यविक्रीचा परवाना आहे तिथे पार्टी केली तर तो भार त्यांच्यावर. ऑफिस, गच्ची, लॉन, फार्महाउस अशा ठिकाणी मद्य द्यायचं तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या दिवसापुरता परवाना आधी काढावा लागतो. याशिवाय पिणाऱ्याकडे स्वतःचा परवाना असणं कायद्याने अपेक्षित आहे; तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो.

वयाची अट बिअर आणि वाइनसाठी २१, बाकी मद्यासाठी २५ वर्षं. हा मुद्दा आयटी आणि बीपीओवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावा, कारण कॅम्पसमधून आलेली अर्धी बॅच २२-२३ वर्षांची असते. त्यांना व्हिस्की देणं बेकायदा आहे, ती मुलं कितीही मोठी दिसत असोत.

वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे कोरडे आहेत, तिथे हा विषयच नाही. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास मद्यविक्री बंद असते. तारीख ठरवताना तेवढं बघून घ्या.

एखाद्याला जास्त झाली तर?

आधी त्याला गर्दीतून बाजूला न्या आणि एकटं सोडू नका. ओळखीचा, न प्यायलेला एक माणूस सोबत हवा. मुलगी असेल तर सोबतही मुलगीच. काळी कॉफी, थंड पाण्याचा शॉवर, लिंबू चाटवणं यांतल्या कशानेही दारू उतरत नाही, ती उतरते फक्त वेळेने. झोपवायचं तर कुशीवर झोपवा. उताणं झोपलेल्याला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो.

हाक मारून, हलवूनही जाग येत नसेल, श्वास मंद किंवा तुटक झाला असेल, ओठ निळसर दिसत असतील, अंग गार पडलं असेल तर 'झोपू दे, उतरेल' म्हणत बसू नका. १०८ ला फोन करा. बदनामी होईल म्हणून थांबणारे लोक आम्हाला सगळ्यांत धोकादायक वाटतात.

लोक घरी कसे जाणार?

हे तुम्ही पहिलं ठरवायचं होतं. एक कागद घ्या. येणाऱ्यांची नावं, राहण्याचा भाग, कशाने येणार, कशाने जाणार. पन्नास माणसांच्या ऑफिसात ही यादी एका दुपारी होते. ती झाली की कळतं, हॉल स्टेशनजवळ हवा की हायवेला, आणि किती गाड्या लागतील.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर गाडी चालवणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, १५ हजारांपर्यंत दंड. शरीर लहानखुरं असेल तर ६० मिलीच्या एका पेगनेही ही रेषा ओलांडली जाते. 'दोनच घेतलेत, मी ठीक आहे' या वाक्याला त्यामुळे काही अर्थ उरत नाही. दुचाकीवाल्यांकडे जास्त लक्ष द्या. चारचाकीला ड्रायव्हर बोलावता येतो, बुलेट कुणी घरी पोचवत नाही. म्हणून दुचाकी रात्रभर ठेवता येईल असं पार्किंग हॉलवाल्याकडून आधी कबूल करून घ्या.

मुंबईत हॉल निवडताना शेवटच्या लोकलचा हिशेब नका धरू, शेवटच्या दोन-तीन आधीच्या गाडीचा धरा. शेवटची गाडी साडेबारा-एकच्या सुमारास सुटते, पण त्या वेळी डब्यात एकटीदुकटी बाई असते आणि पलीकडे उतरल्यावर रिक्षा नसते.

कंपनीने गाडी केली असेल तर चालकाचं नाव, नंबर आणि गाडीचा क्रमांक ॲडमिनकडे लिहिलेला हवा. मार्ग असा आखा की शेवटचा थांबा एकट्या मुलीचा येणार नाही. येत असेल तर सोबत सुरक्षारक्षक द्या. २००७ च्या नोव्हेंबरात पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीवर, कंपनीसाठी लावलेल्या कॅबचा चालक आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिचा खून केला. ओळखीची गाडी म्हणजे सुरक्षित गाडी हा समज त्या दिवशी मोडला. 'पोचले' एवढा मेसेज प्रत्येकाने ग्रुपवर टाकायचा आणि कुणीतरी जागं राहून तो मोजायचा, एवढं साधं काम आहे. मोजणाऱ्याला दुसऱ्या दिवशी उशिरा यायची सवलत द्या.

हॉल बघताना काय पाहावं?

सजावट आणि एसी सगळेच बघतात. तुम्ही बाहेर पडायचे रस्ते बघा. २८ आणि २९ डिसेंबर २०१७ च्या मधल्या रात्री मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागली आणि १४ जण गेले. बरेच जण बाहेर पडण्याचा मार्ग न सापडल्याने स्वच्छतागृहाकडे गेले आणि धुराने गुदमरले. तीही वर्षाखेरीचीच रात्र होती, आणि आत आलेली माणसं तुमच्या-आमच्या ऑफिसातल्यांसारखीच होती.

म्हणून हॉल पाहायला जाल तेव्हा दुसरा दरवाजा कुठे आहे ते विचारा आणि स्वतः तो उघडून त्या जिन्याने खाली उतरून बघा. कुलूप, जिन्यात रचलेल्या खुर्च्या, बिअरचे क्रेट, गॅसचे सिलिंडर दिसले तर दुसरा हॉल शोधा. गच्चीवर ताडपत्री, बांबू, कापडी झालरी असं छत असेल तर नकोच. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीच्या अग्निशमन यंत्रणेचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. ते मागा. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच.

हॉलची क्षमता १०० असेल तर ८० माणसं बोलवा. सुरुवातीच्या भाषणात साहेबांनी दोन वाक्यांत सांगावं की दरवाजे इथे आणि इथे आहेत. कुणी हसलं तर हसू द्यावं.

ऑफिसातच केली तर?

उत्तम, स्वस्तही. फक्त एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर झगमगत्या माळा, कॉफी मशीन, स्पीकर आणि इंडक्शन असं सगळं लावू नका. मेणबत्त्या, कोल्ड फायर (ठिणग्यांचे कारंजे), कागदी कंदिलात दिवा हे वर्ज्य. धुराचं मशीन लावायचं म्हणून फायर अलार्म बंद करायला कुणी सांगितलं तर मशीन परत पाठवा.

जेवणात काय जपावं?

बुफेवर प्रत्येक पदार्थाची पाटी हवी आणि ती मराठीतही हवी. शाकाहारी आणि मांसाहारी टेबलं वेगळी, डाव वेगळे. जैन जेवण म्हणजे 'कांदा-लसूण नाही' एवढंच नव्हे; बटाटा, गाजर, मुळा, बीट हेही नाही. किती जणांना लागेल ते आधी विचारून तेवढं सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवा, कारण जैन पनीर बघून बाकीचेच त्यावर तुटून पडतात. मुस्लिम सहकाऱ्यांसाठी मटण-चिकन हलाल आहे का ते केटररला विचारून पाटीवर लिहा. उपवासवाल्यांसाठी साबुदाण्याची खिचडी किंवा वरईचा भात सांगून ठेवता येतो. दाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांना मात्र खिचडीतल्या कुटाबद्दल सांगायला विसरू नका.

नाताळचा प्लम केक हा खास मुद्दा. त्यात बहुधा अंडं असतं आणि पुष्कळदा रमही असते. दोन्ही पाटीवर लिहा, शेजारी बिनअंड्याचा ठेवा. वसईच्या किंवा गोव्याच्या सहकाऱ्याने घरून कलकल आणि नेवऱ्या आणल्या तर त्या केकच्या आधी संपतात, हे जाता जाता.

केटररकडे एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक असतो, तो बिलावर आहे का बघा. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर राहिले पाहिजेत. चेफिंग डिशखालची आग विझलेली असताना दोन तास पडून राहिलेली बिर्याणी दुसऱ्या दिवशी सगळं ऑफिस घरी बसवू शकते. बर्फाचंही विचारा. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. पांढरा बर्फ खाण्यायोग्य पाण्याचाच आहे ना, याची केटररकडून खात्री करून घ्या.

उरलेलं अन्न कुणाला देता येईल ते आधीच बोलून ठेवा. रात्री अकराला फोन फिरवून कुणी मिळत नाही.

डीजे किती वाजेपर्यंत?

उघड्यावर रात्री १० पर्यंत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. वर्षातले काही मोजके दिवस, जास्तीत जास्त १५, सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. तुमची तारीख त्यात आहे का हे जिल्ह्याच्या यादीत बघा. बंद सभागृहाला १० ची मर्यादा तशी लागू नाही, पण आवाज बाहेर जाता कामा नये. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं. खरं तर आवाज एवढाच ठेवा की शेजारच्या माणसाशी न ओरडता बोलता येईल. वर्षभर ईमेलवरच भेटणारी माणसं तिथे बोलायला आलेली असतात.

खेळ कोणते ठेवावेत? शेलापागोटे चालतील का?

हाऊजी, अंताक्षरी, दमशेराज यांना कुणाची हरकत नसते. शेलापागोट्यांचं, म्हणजे फिशपाँडचं, मात्र जपून. कॉलेजात फिशपाँड देणारा आणि घेणारा बरोबरीचे असतात, ऑफिसात नसतात. मॅनेजरने ट्रेनीला दिलेल्या फिशपाँडला ट्रेनी हसतोच, त्याला दुसरा पर्यायच नसतो. रंग, वजन, टक्कल, गाव, बोलण्याचा हेल, लग्न न झालेलं असणं, मूल नसणं, जात, धर्म यांवर एकही ओळ नको. सगळ्या चिठ्ठ्या आधी दोघांनी वाचाव्यात, त्यांतली एक बाई असावी. चिठ्ठी वाचून 'हे माझ्या आईसमोर वाचलं तर?' असं स्वतःला विचारावं. गंमत वरच्या दिशेने जाऊ द्या. साहेबांच्या 'पाच मिनिटांच्या मीटिंग'वर सगळ्यांना मोकळेपणाने हसता येतं.

जोडीने नाचायचे, फुगा दोघांच्या मध्ये धरायचे, डोळे बांधून ओळखायचे खेळ रद्द. स्टेजवर ओढून नेणं पण रद्द.

पार्टी ऑफिसबाहेर आहे. पॉश कायदा तिथे लागतो का?

लागतो. पॉश म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा. त्यात कामाचं ठिकाण म्हणजे फक्त ऑफिसची इमारत नव्हे. नोकरीच्या निमित्ताने कर्मचारी जिथे जातो ती जागा आणि कंपनीने दिलेली गाडी, दोन्ही त्यात येतात. केटररचा माणूस, डीजे, पाहुणा म्हणून आलेला क्लायंट यांच्यापासून सुरक्षितता देणं हीही मालकाचीच जबाबदारी. क्लायंट मोठा आहे म्हणून गप्प बसण्याची सोय कायद्यात नाही.

दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असायलाच हवी. नसेल तर पार्टीच्या आधी ती नेमा. त्याहून लहान ऑफिसातल्या महिलांना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी करायची, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने मुदत देऊ शकते. समितीतली एक सदस्य पार्टीत हजर आणि न प्यायलेली असावी, आणि तिचा नंबर सगळ्यांकडे असावा. हा कायदा महिलांच्या तक्रारींसाठी आहे. पुरुष सहकाऱ्यालाही त्रास होऊ शकतो, त्यासाठी कंपनीच्या धोरणात वेगळी तरतूद ठेवा.

'पार्टीत होतो, शुद्धीत नव्हतो' ही सबब समितीने ऐकूनही घेऊ नये.

फोटो आणि रील?

कंपनीच्या पेजवर टाकण्याआधी फोटोतल्यांना विचारा. नाचतानाचे आणि हातात ग्लास असलेले फोटो टाकूच नका. कुणी घरी न सांगता आलेलं असतं.

वर्गणी काढावी का? सीक्रेट सांताचं काय?

पार्टी कंपनीची असेल तर खर्च कंपनीचा. सीक्रेट सांता ठेवलात तर वरची मर्यादा २००-३०० रुपयांची ठेवा आणि भाग घेणं ऐच्छिक ठेवा. अंतर्वस्त्रं, डाएटची पुस्तकं, डिओडरंट अशा 'विनोदी' भेटींवर आधीच बंदी जाहीर करा.

सिक्युरिटी, हाऊसकीपिंग, चहावाले यांना बोलवायचं का?

हो. तेही पाहुणे म्हणून. ताटं उचलायला नव्हे. ती माणसं कंत्राटदाराच्या पगारावर असली तरी वर्षभर तुमच्याच मजल्यावर राबतात. ज्या मावशी रोज टेबलं पुसतात त्यांनी त्या दिवशीही पुसायची असतील तर त्यांना पार्टीला बोलावलं असं म्हणू नये. साफसफाईला त्या दिवसापुरती बाहेरची माणसं घ्या. ड्यूटी सोडता न येणाऱ्या वॉचमनचं ताट पहिल्यांदा भरून पाठवा, शेवटी उरलेलं नव्हे.

लोणावळा किंवा अलिबागला मुक्कामी नेलं तर?

मग वरचं सगळं दुप्पट काटेकोरपणे. पोहण्याचा तलाव बार उघडायच्या आधी बंद, आणि तलावावर जीवरक्षक असेल तरच रिसॉर्ट ठरवा. काशीद-नागावला अंधार पडल्यावर समुद्रात कुणी उतरायचं नाही. खोल्यांची वाटणी आधी विचारून करा. जवळचं रुग्णालय किती लांब आहे ते जाण्याआधी फोन करून बघा, तिथे रात्री डॉक्टर असतो का तेही. बसच्या चालकाला झोपायला खोली द्या. रात्रभर बसमध्ये डासांत बसलेल्या माणसाने सकाळी घाट उतरवायचा असतो.

दुसऱ्या दिवशी काही करायचं असतं का?

सकाळच्या मीटिंगा अकरानंतर ठेवा. कुणी काही सांगायला आलं तर दार लावून ऐका आणि लगेच लिहून घ्या. हॉलमध्ये राहिलेले चार्जर, ओढण्या आणि एखादा डबा तीन दिवस रिसेप्शनला राहू द्या, मालक सापडतात. केटररचं बिल आठवड्याच्या आत चुकतं करा.